गिल्बर्ट फोलियट : राजा आणि चर्च यांच्या संघर्षात सापडलेला लंडनचा बिशप – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिल्बर्ट फोलियट कोण होता?

गिल्बर्ट फोलियट हा बाराव्या शतकातील इंग्लंडमधला एक नॉर्मन कुळातला बिशप. त्याचा जन्म सुमारे १११० चा. तरुणपणी तो फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात संन्यासी झाला, तिथे आणि पुढे अबव्हिल येथे त्याने उपमठाधिपती म्हणून काम केले. ११३९ मध्ये तो ग्लॉस्टरच्या मठाचा अधिपती झाला, ११४८ मध्ये हेरफर्डचा बिशप आणि ११६३ मध्ये लंडनचा बिशप. ११८७ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा जवळजवळ अर्धे शतक तो चर्चच्या कारभारात होता.

इतिहासात त्याचे नाव मुख्यतः एका कारणासाठी येते. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट आणि राजा दुसरा हेन्री यांच्यात जो प्रसिद्ध झगडा झाला, त्यात इंग्लंडच्या बिशपांपैकी बेकेटचा सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत चिवट विरोधक फोलियट होता. बेकेट मारला गेला, संत ठरला आणि विरोधकाच्या वाट्याला खलनायकाची भूमिका आली. ती वाटणी मला अन्यायाची वाटते, आणि खालील उत्तरांमध्ये त्याची कारणे येतील. मात्र फोलियट सगळ्या बाबतींत बरोबर होता असेही म्हणता येत नाही.

त्या काळात बिशपचा राजाशी नेमका संबंध काय होता?

हा प्रश्न आधी समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. बिशप हा आपल्या धर्मप्रांताचा प्रमुख असे: धर्मगुरूंना दीक्षा देणे, चर्चच्या न्यायालयात निवाडे करणे आणि धर्मबाह्य वर्तन करणाऱ्याला बहिष्कृत करणे ही त्याची कामे. या बाबतींत तो आपल्या आर्चबिशपला आणि त्याच्यावरच्या पोपला बांधलेला होता. परंतु बिशपच्या पदाला ज्या जमिनी जोडलेल्या होत्या, त्या राजाकडून मिळालेल्या होत्या आणि त्यांच्या बदल्यात त्याला राजाच्या इतर सरदारांप्रमाणेच सेवा द्यावी लागे. कँटरबरीच्या आर्चबिशपवर ६० सरदारी घोडेस्वारांचे आणि लंडनच्या बिशपवर २० घोडेस्वारांचे देणे होते. राजाच्या दरबारात बसणे, सल्ला देणे, वकिलात घेऊन परदेशी जाणे हेही ओघानेच आले.

११०७ मध्ये पहिला हेन्री आणि आर्चबिशप अॅन्सेल्म यांच्यात तडजोड झाली होती. तीनुसार राजाने बिशपला अंगठी आणि धर्मदंड (हातातली काठी) ही पदाची चिन्हे देण्याचा हक्क सोडला, पण जमिनींसाठी निष्ठेची शपथ घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. म्हणजे एकाच माणसाने दोन धन्यांपुढे हात जोडायचे, ही व्यवस्था सर्वांनी मान्य केली होती. धन्यांचे एकमेकांशी जमेपर्यंत ती चालली. ११४० च्या सुमारास ग्रेशियन या कायदेपंडिताने चर्चच्या कायद्याचे मोठे संकलन केले, धर्मगुरू कायदा शिकू लागले, रोमकडे अपिले वाढली; दुसरीकडे दुसऱ्या हेन्रीने यादवी युद्धात मोडकळीला आलेली राजसत्ता पुन्हा बांधायला घेतली. दोन्ही बाजू एकाच वेळी बळकट होत होत्या.

बेकेटच्या निवडीला फोलियटने विरोध का केला?

कँटरबरीचा आर्चबिशप थिओबाल्ड ११६१ मध्ये वारला. त्याच्या जागी हेन्रीला आपला चॅन्सलर (राजाच्या कचेरीचा प्रमुख) आणि जिवलग मित्र थॉमस बेकेट हवा होता. बेकेट चर्चच्या सेवेतला असला तरी धर्मगुरूपदाची दीक्षा त्याने घेतलेली नव्हती. ११५९ च्या तुलूझच्या मोहिमेत तो स्वतः सैन्य घेऊन लढला होता आणि त्या मोहिमेसाठी चर्चकडून जी जबर वसुली झाली, तिच्याशी त्याचे नाव जोडले गेले होते. २ जून ११६२ रोजी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तो आर्चबिशप झाला.

उघड विरोध करणारा एकटा फोलियट होता. राजाने चमत्कार केला, एका संसारी शिपायाचा आर्चबिशप करून दाखवला, असे तो बोलल्याची नोंद आहे. त्याला ते पद स्वतःला हवे होते आणि म्हणून तो जळत होता, असे बेकेटच्या माणसांनी पुढे सतत म्हटले. फोलियटने पत्रातून हा आरोप साफ नाकारला. त्याच्या मनात काय होते ते आपण पाहू शकत नाही, परंतु ज्याचे उभे आयुष्य मठाच्या शिस्तीत आणि शास्त्राभ्यासात गेले, त्याला एका दरबाऱ्याची एका रात्रीत झालेली ही बढती खटकण्यासाठी मत्सराची गरज नव्हती.

मग बेकेटनेच त्याला लंडनला कसे येऊ दिले?

११६३ मध्ये लंडनचे पद रिकामे झाले तेव्हा राजाला फोलियट जवळ हवा होता, पोप तिसऱ्या अलेक्झांडरने संमती दिली आणि बेकेटनेही त्याला ते पद स्वीकारण्याचा आग्रह करणारे पत्र लिहिले. तेव्हा दोघांचे संबंध वरवर तरी सौजन्याचे होते.

लगेच एक खटका उडाला. नवा बिशप आपल्या आर्चबिशपपुढे आज्ञापालनाचे लेखी वचन देत असे. हेरफर्डचा बिशप होताना आपण कँटरबरीला हे वचन दिलेलेच आहे, ते पुन्हा देण्याची गरज नाही, अशी भूमिका फोलियटने घेतली. पुढे भांडण चिघळल्यावर तो याहून पुढे गेला आणि लंडन हेच मुळात आर्चबिशपचे ठिकाण असायला हवे होते, असे म्हणू लागला. पोप पहिल्या ग्रेगरीच्या मूळ योजनेत लंडनला तो मान होता हे खरे आहे, पण साडेपाचशे वर्षांपूर्वीचा तो बेत उकरून काढण्यामागे तत्त्वापेक्षा ईर्षा जास्त होती, असे मला वाटते.

राजा आणि आर्चबिशप यांचा वाद नेमका कशावरून होता?

अनेक मुद्दे होते, पण ठिणगी पडली ती गुन्हेगार धर्मगुरूंवरून. चर्चची कोणतीही लहानमोठी दीक्षा घेतलेला माणूस चोरी करो वा खून, त्याचा निवाडा चर्चच्या न्यायालयात होई आणि चर्च देहदंड देत नसे. बेडफर्डचा एक कॅनन (चर्चच्या मंडळातला धर्मगुरू) फिलिप द ब्रॉय याच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप होता. चर्चच्या न्यायालयात तो निर्दोष सुटला आणि पुन्हा चौकशी काढणाऱ्या राजाच्या न्यायाधीशाला त्याने भर न्यायालयात शिवीगाळ केली. हेन्री संतापला. अशा माणसाला चर्चने दोषी ठरवून त्याची दीक्षा काढून घ्यावी आणि मग सामान्य माणूस म्हणून त्याला माझ्या न्यायालयाने शिक्षा द्यावी, अशी त्याची मागणी होती. देवसुद्धा एका अपराधासाठी दोनदा शिक्षा करत नाही, असे बेकेटचे उत्तर होते.

जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे राजाने आपल्या आजोबांच्या काळातील म्हणून १६ प्रथा लेखी मांडल्या. गुन्हेगार धर्मगुरूंचे कलम त्यात होतेच. त्याशिवाय राजाच्या परवानगीवाचून कोणी बिशपने देश सोडू नये, राजाच्या थेट सरदारांना त्याला विचारल्याशिवाय बहिष्कृत करू नये, राजाच्या संमतीवाचून अपील आर्चबिशपच्या पुढे जाऊ नये, आणि रिकाम्या धर्मप्रांतांचे उत्पन्न राजाने घ्यावे, अशी कलमेही होती. यातल्या बऱ्याच प्रथा खरोखर जुन्या होत्या. राजाची चूक अशी की त्याने त्या कागदावर उतरवल्या. तोंडी चालत आलेल्या गोष्टीकडे चर्च काणाडोळा करू शकत होते. लिहिलेल्या कलमाला मात्र हो किंवा नाही म्हणणे भाग पडले.

क्लॅरेंडनमध्ये कोण डगमगले?

फोलियटच्या सांगण्यानुसार सर्व बिशप बेकेटच्या मागे ठाम उभे होते, सरदार दरडावत आत शिरले तरी कोणी हलले नाही, आणि मग खुद्द आर्चबिशपच बाजूला जाऊन परत आला व राजाची इच्छा मान्य करतो म्हणाला. सेनापती पळाला, सैन्य उभे राहिले, असा त्याचा आरोप आहे. बेकेटच्या चरित्रकारांनी त्याच्या माघारीचे खापर इतरांच्या दबावावर फोडले आहे. पण त्याने तोंडी होकार दिला, नंतर पश्चात्ताप करून कागदावर मोहोर उमटवायला नकार दिला आणि स्वतःला वेदीच्या सेवेतून काही काळ दूर ठेवले, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. फोलियटचा राग इथून समजतो. त्याला आधी आर्चबिशपच्या शब्दाखातर राजाचा रोष पत्करावा लागला, मग त्याच्याच शब्दाखातर वचन द्यावे लागले, आणि अखेर ते वचन मोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली गेली.

नॉर्दॅम्प्टनमध्ये क्रूसावरून काय झाले?

ऑक्टोबर ११६४ मध्ये राजाने बेकेटला नॉर्दॅम्प्टनच्या किल्ल्यात बोलावून त्याच्यावर एकामागून एक पैशांचे दावे लावले. १३ ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी, बेकेटने संत स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याची मिस्सा (मुख्य उपासना) अर्पण केली. ‘अधिपती बसून माझ्याविरुद्ध बोलले’ अशा शब्दांनी ती सुरू होते, त्यामुळे तिचा रोख कोणाच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नाही. तिथून तो किल्ल्यावर आला. आर्चबिशपचा क्रूस नेहमी त्याच्यापुढे चालणारा सेवक धरत असे. त्या दिवशी दारात बेकेटने तो सेवकाच्या हातून स्वतःच्या हातात घेतला.

दारातले लोक थक्क झाले. लिझ्यूचा आर्चडीकन (बिशपचा कारभारी धर्मगुरू) तिथे होता, त्याने फोलियटला विचारले की, आर्चबिशपला असा क्रूस घेऊन आत कसे जाऊ देता? फोलियट उत्तरला, ‘भल्या माणसा, तो नेहमीच मूर्ख होता आणि नेहमीच राहील.’ पुढे त्याने तो क्रूस बेकेटच्या हातून सोडवून घेण्याचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही, असेही वर्णन सापडते. तू अशी तलवार उपसून आलास आणि राजानेही त्याची उपसली तर तुमच्यात समेट कोण करणार, असा त्याचा युक्तिवाद होता.

दोन बिशप एका क्रूसाच्या दांड्याला धरून उभे आहेत, हे दृश्य पाहिले की वादाचे स्वरूप कळते. बेकेटच्या दृष्टीने तो क्रूस हा आश्रय होता. फोलियटच्या दृष्टीने राजाच्या घरात तो घेऊन जाणे म्हणजे राजाला सर्वांसमक्ष अत्याचारी ठरवणे होते, आणि एकदा तसे ठरवल्यावर बोलणी संपली. त्याच रात्री बेकेट वेष पालटून निसटला आणि काही आठवड्यांनी समुद्र ओलांडून फ्रान्सकडे गेला.

पोपसमोर फोलियटने काय मांडले?

राजाच्या वकिलातीबरोबर तो फ्रान्समध्ये सॉन्स येथे पोपला भेटला. तिथे तो बेकेटवर इतक्या आवेशाने तुटून पडला, की पाठलाग नसतानाही दुर्जन पळतो, हे बायबलमधले वचन त्याने बेकेटला लावताच पोप म्हणाला, ‘बंधो, आवर.’ फोलियटला वाटले की पोप बेकेटची गय करायला सांगतो आहे. पोपने खुलासा केला की तो फोलियटला स्वतःचीच गय करायला सांगतो आहे. ही हकिकत बेकेटच्या बाजूच्या लेखनातून आली आहे, तरी त्याचा स्वभाव पाहता ती पटते.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता?

११६६ मध्ये त्याने बेकेटला लिहिलेले दीर्घ पत्र. लॅटिनमधील पहिल्या शब्दांवरून ते ‘मुल्तिप्लिचेम नोबिस’ या नावाने ओळखले जाते. एकेकाळी ते बनावट असल्याची शंका घेतली गेली होती. आज अभ्यासक ते फोलियटचेच मानतात. त्या वर्षी बेकेटने व्हेझलेच्या चर्चमधून राजाच्या अनेक माणसांना बहिष्कृत केले होते आणि इंग्लंडच्या बिशपांनी त्याविरुद्ध पोपकडे अपील केले होते.

पत्रात विखार पुष्कळ आहे. चॅन्सलरपद पैसे मोजून मिळवले, तुलूझसाठी मातृचर्चच्या पोटात तलवार खुपसली, क्लॅरेंडनला पळ काढला, अशी यादी तो वाचत जातो. पण त्यात एक मध्यवर्ती युक्तिवाद आहे आणि त्याला आजवर कोणी सहज उत्तर दिलेले नाही. आपल्यात श्रद्धेबद्दल वाद नाही, संस्कारांबद्दल नाही, नीतीबद्दल नाही, असे तो म्हणतो. वाद आहे तो काही प्रथांबद्दल, ज्या राजाने निर्माण केलेल्या नसून त्याला वारशाने मिळाल्या आहेत. अशा प्रथा मुळासकट उपटायला जाणारा चांगले पीकही उपटतो. चांगला वैद्य जखम बरी करताना दुसरी मोठी जखम करत नाही. राजा धर्मनिष्ठ आहे, समजावणीने आणि वेळ देऊन त्याला वळवता आले असते. शिवाय बिशपच्या हाती ज्या ऐहिक गोष्टी आहेत, त्या राजाकडून आलेल्या आहेत आणि त्यांच्यापुरते राजाचे अधिकार मानणे म्हणजे देवाचा द्रोह नव्हे.

यामागे एक खरी भीती होती आणि ती विसरून हे पत्र वाचणे बरोबर नाही. त्या काळी पोप दोन होते. जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा अलेक्झांडरविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिपोपच्या मागे होता आणि ११६५ मध्ये वुर्झबर्ग येथे हेन्रीच्या दूतांनी त्या बाजूला जाण्याबद्दल सम्राटाशी बोलणी केलीही होती. अपमानित झालेला हेन्री प्रतिपोपकडे गेला असता, तर इंग्लंडच्या प्रत्येक धर्मप्रांतात फूट पडली असती आणि तिचे भोग परदेशात असलेल्या बेकेटला नव्हे, तर घरी राहिलेल्या बिशपांना आणि त्यांच्या लोकांना भोगावे लागले असते. फोलियटला राजाचा हुजऱ्या म्हणणाऱ्यांनी या भीतीचा हिशेब क्वचितच केला आहे.

त्याला बहिष्कृत कसे केले गेले?

१३ एप्रिल ११६९ रोजी बेकेटने क्लेअरव्हो येथे फोलियट आणि सॉल्झबरीचा बिशप जॉसलिन यांना बहिष्कृत केले. प्रश्न होता तो फर्मान इंग्लंडमध्ये पोहोचवण्याचा, कारण बंदरांवर राजाचा पहारा होता. २९ मे रोजी, स्वर्गारोहणाच्या सणाला, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मिस्सा चालू असताना बेरेंगर नावाचा एक फ्रेंच तरुण अर्पणाच्या वेळी वेदीपुढे गुडघे टेकून बसला. धर्मगुरूला वाटले, हा दान घेऊन आला आहे. बेरेंगरने त्याच्या हातात पत्रे ठेवली, त्याचा हात घट्ट धरून ती बिशपला आणि डीनला (कॅथेड्रलच्या मुख्य धर्मगुरूला) देण्याचे फर्मावले, आणि मग लोकांकडे वळून लंडनचा बिशप बहिष्कृत झाल्याचे मोठ्याने सांगून गर्दीत दिसेनासा झाला.

पूर्वसूचना न देता झालेला हा निवाडा बेकायदेशीर आहे, असे फोलियटचे म्हणणे होते आणि त्याने पोपकडे दाद मागितली. ११७० च्या ईस्टरला रूआंच्या आर्चबिशपने पोपच्या आदेशाने त्याला दोषमुक्त केले.

बेकेटच्या खुनाला फोलियट जबाबदार होता का?

खुनाचा कट त्याने केला असे कोणीही सिद्ध केलेले नाही. पण साखळीतली एक कडी तो होता, हे नाकारता येत नाही. १४ जून ११७० रोजी हेन्रीने आपल्या मुलाचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टरमध्ये यॉर्कचा आर्चबिशप रॉजर याच्याकडून करवला आणि फोलियट तिथे हजर होता. इंग्लंडच्या राजाला मुकुट घालण्याचा मान कँटरबरीचा होता. एरवी प्रथांचा आदर करायला सांगणाऱ्या फोलियटने ही जुनी प्रथा मोडायला हातभार लावला. इथे त्याची बाजू मला लंगडी वाटते.

जुलैमध्ये राजाचा आणि बेकेटचा समेट झाला. पण डिसेंबरच्या आरंभी परत येण्याआधी बेकेटने पत्रे पुढे धाडून रॉजरला निलंबित आणि फोलियट व जॉसलिन यांना बहिष्कृत केले. हे तिघे समुद्र ओलांडून नॉर्मंडीत राजाकडे तक्रार घेऊन गेले. राजाचा तोल गेला; एका हलक्या कुळातल्या धर्मगुरूकडून धन्याचा असा अपमान होऊ देणारी कसली माणसे मी पोसली, अशा अर्थाचे त्याचे उद्गार बेकेटचा चरित्रकार धर्मगुरू एडवर्ड ग्रिम याने नोंदवले आहेत. चार सरदार निघाले आणि २९ डिसेंबरला त्यांनी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये बेकेटला ठार केले. ग्रिम खुनाच्या वेळी तिथे होता. आर्चबिशपला वाचवताना त्याचा हात जायबंदी झाला. या सरदारांची बेकेटकडे जी मागणी होती, तीत बिशपांवरील बहिष्कार मागे घेणे हे ठळक कलम होते.

आपला या खुनात हात नसल्याची शपथ फोलियटला घ्यावी लागली. ११७१ च्या ऑगस्टमध्ये बहिष्कार उठला आणि ११७२ च्या मे महिन्यात त्याला पुन्हा पद सांभाळता आले.

अखेरीस जिंकले कोण?

दोघांच्याही हाती अर्धे अर्धे लागले. ११७२ मध्ये आव्हरांश येथे हेन्रीने प्रायश्चित्त घेतले आणि रोमकडे जाणारी अपिले मोकळी केली. ११७६ मध्ये जंगलाच्या कायद्याखालील गुन्हे वगळता धर्मगुरूंवर राजाच्या न्यायालयात खटला चालवणार नाही, असे त्याने मान्य केले. ही सवलत निरनिराळ्या रूपांत इंग्लंडमध्ये १८२७ पर्यंत टिकली. बिशप कोण व्हावा हे मात्र बहुधा राजाच ठरवत राहिला.

१२ जुलै ११७४ रोजी हेन्री अनवाणी पायांनी कँटरबरीला बेकेटच्या समाधीपाशी गेला. राजाने खुनाची आज्ञा दिली नव्हती, पण त्याच्या शब्दांमुळे तो घडला असल्याने तो क्षमा मागतो आहे, असे जमलेल्यांना राजाच्या वतीने सांगणारा बिशप फोलियटच होता. त्यानंतर बिशपांनी राजाच्या पाठीवर पाच पाच आणि मठातल्या संन्याशांनी तीन तीन फटके मारले.

मुंबईतले सेंट थॉमस कॅथेड्रल याच थॉमस बेकेटचे आहे का?

नाही. फोर्टमधले १७१८ मध्ये खुले झालेले ते चर्च येशूचा शिष्य थॉमस याच्या नावाचे आहे. बेकेटला २१ फेब्रुवारी ११७३ रोजी संत घोषित करण्यात आले आणि नामसाधर्म्यामुळे हा गोंधळ होतो.

फोलियटचे स्वतःचे लेखन उपलब्ध आहे का?

होय, आणि हे त्याचे मोठे भाग्य. त्याच्या पत्रांचा संग्रह ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितात टिकून आहे. त्यात राजकारणापेक्षा रोजचा कारभार जास्त आहे: कोणा मठाच्या जमिनीचा तंटा, कोणा गरीब धर्मगुरूसाठी रदबदली, कोणा विवाहाचा निवाडा. बेकेटची सुरुवातीची चरित्रे लिहिणारे बहुतेक त्याचे सहकारी किंवा चाहते होते, त्यामुळे फोलियट आपल्याला त्यांच्या डोळ्यांनी दिसत आला. ही पत्रे त्याच्याच आवाजात बोलतात.

वॉल्टर मॅप हा लेखक त्याला जवळून ओळखत होता. म्हातारपणी फोलियटची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि आपण इतकी वर्षे वाया घालवली या खंतीने त्याने त्या अवस्थेतही जुन्या आणि नव्या करारावरच्या एका नव्या ग्रंथाला हात घातला होता, असे मॅपने लिहून ठेवले आहे.